पहिल्या दोन मिनिटांत बोल, बाराव्या दिवशी नको

या वेळचं पत्र बदलापूरहून आलंय. मूळ पत्र चांगलं सात पानी आहे, त्यातला मुद्द्याचा भाग इथे देते.

"ताई, सप्रेम नमस्कार. मी ३६ वर्षांची, ऑफिस फोर्टला. रोज लेडीज सेकंड क्लास, जाऊन येऊन साडेतीन तास ट्रेनमधेच जातात. घरी सासू-सासरे, दोन मुलं, त्यामुळे स्वतःचा असा वेळ म्हणजे ट्रेनमधलाच, एक डुलकी नाहीतर चार पानं वाचणं. मधे एक बाई आमच्या डब्यात यायला लागल्या. अंबरनाथला चढतात, डाऊन करून येतात (म्हणजे आधी उलट्या दिशेने बदलापूरला येऊन त्याच गाडीत बसून राहतात) म्हणून विंडो मिळते, आणि बसल्या बसल्या फोन स्पीकरवर टाकून रील सुरू. तेच गाणं, तेच खोटं हसणं, परत परत. अकरा दिवस मी दात-ओठ खात गप्प बसले. बाराव्या दिवशी मुंब्र्याच्या पुढे माझा तोल गेला, सगळ्यांसमोर ओरडले की ट्रेन काय तुमच्या एकटीची आहे का. त्या म्हणाल्या एवढा त्रास होतो तर टॅक्सीने जात जा. मग घाटकोपरपर्यंत जुंपली. डब्यातलं कोणी माझ्या बाजूने एक शब्द बोललं नाही, ज्या रोज माझ्याजवळ कुरकुर करायच्या त्या पण नाही. तेव्हापासून मी पुढच्या डब्यात चढते.

दुसरी गोष्ट. मागच्या महिन्यात बाबांना घेऊन दवाखान्यात गेले होते, बायपासनंतरची तपासणी. दोन तास थांबलो. शेजारी एक गृहस्थ मोबाईलवर न्यूज चॅनलची डिबेट फुल व्हॉल्यूमवर लावून बसलेले. बाबा डोळे मिटून बसले होते, आवाज चढला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ट्रेनमधल्या भांडणानंतर माझी हिंमतच झाली नाही. बाबाच हळूच म्हणाले, जाऊ दे गं. मी खरंच जाऊ दिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. नवरा म्हणतो इग्नोर करायला शिक. ताई, मी चिडकी झालेय का? असं कुठे झालं तर बोलायचं की गप्प बसायचं?"

*

तुझ्या वयाची माझी भाची आहे म्हणून सरळ अगं-तुगं करते, रागावू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. भांडणाबद्दल तू एक पान लिहिलंयस आणि दवाखान्यातल्या त्या दोन तासांबद्दल जवळजवळ तीन पानं. बाबांच्या कपाळावरच्या आठीचा उल्लेख चार वेळा आलाय, मी मोजला. म्हणजे तू विचारतेयस भांडणाबद्दल, पण टोचतंय ते गप्प बसणं. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे, बोललीस त्याचा पश्चात्ताप चार दिवसांत विरला असता, पण न बोललेलं अजून आत बसलंय.

आधी "चिडकी" या शब्दाचा निकाल लावते. तू चिडकी नाहीयेस. नको ते दिसलं तर आपण डोळे मिटतो, मान वळवतो, कानाला तशी सोयच नाही, झोपेत सुद्धा कान उघडेच असतात. आणि सगळे आवाज सारखे नसतात. दोन बायका समोरासमोर गप्पा मारत असल्या तर त्या आवाजात आपण झोपू शकतो, पण एकच बाई फोनवर बोलत असेल तर नाही, हा अनुभव लोकलने जाणाऱ्या प्रत्येकीला आहे. यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रीतसर प्रयोग झाला, २०१० साली तो छापून आला. त्यात दिसलं की अर्धवट ऐकू येणारं बोलणं लक्ष जास्त विचलित करतं, कारण पलीकडचं माणूस काय म्हणालं असेल, आता ही काय म्हणेल, हे मेंदू आपल्याला न विचारता जुळवत बसतो. रीलचं मला तसंच वाटतं, एक गाणं सुरू होतं, कानाला त्याची चाल सापडते न सापडते तोच अंगठा वर जातो आणि दुसरंच काहीतरी चालू. मधेच तोडलेल्या आवाजाशी मन रुळणार कसं? त्यामुळे तुझे मिस्टर इग्नोर कर म्हणतात ते प्रेमाने म्हणत असतील, पण इग्नोर करायला सुद्धा ताकद लागते आणि सकाळी पाचला उठून डबे करून आलेल्या बाईकडे ती किती शिल्लक असणार.

आता एक जुना प्रयोग सांगते, तो मला तुझ्या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर नावाचे दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, १९७० च्या आसपासची गोष्ट. त्यांनी लोकांना कामाला बसवलं आणि मधे मधे मोठा आवाज सोडला. काही जणांच्या समोर एक बटण ठेवलं आणि सांगितलं की अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बाकीच्यांना बटण नाही. आवाज दोघांनाही सारखाच. नंतर शांततेत सगळ्यांना कोडी सोडवायला दिली, त्यातली काही सुटणारच नाहीत अशी, आणि मजकुरातल्या चुका शोधायला दिल्या. ज्यांच्यासमोर बटण होतं ते कोड्यांशी जास्त वेळ झटत राहिले, चुकाही त्यांनी जास्त पकडल्या. आणि यातल्या बहुतेकांनी ते बटण दाबलेलंच नव्हतं! आपल्या हातात काहीतरी आहे एवढं माहीत असणंच पुरलं.

तू मुंब्र्याच्या आधी अकरा दिवस बिनबटणाची बसली होतीस. दवाखान्यात पण तेच. ऑफिसला पोचेपर्यंत दिवस नासलेला असतो असं तू लिहिलंयस ना, त्याला नुसता आवाज कारण नाहीये, "मी काहीच करू शकत नाही" हे त्यात मिसळलेलं आहे. तेव्हा मी तुला सांगणार आहे ते हे बटण कसं ठेवायचं ते. दाबायचं की नाही हे दर वेळी तू ठरव.

भांडण का झालं ते बघू. तू अकरा दिवस गप्प होतीस हे फक्त तुला माहीत होतं गं. त्या बाईंच्या दृष्टीने पाहिलं तर अकरा दिवस सगळं सुरळीत चाललेलं, कोणाला काही त्रास नाही, आणि एका सकाळी समोरची बाई एकदम अंगावर आली. तुझ्यासाठी तो बारावा दिवस होता आणि त्यांच्यासाठी पहिला. तू बारा दिवसांचा राग एका वाक्यात ओतलास, त्यांना फक्त एका दिवसाचा हिशोब माहीत. म्हणून मी सगळ्यांना सांगते की बोलायचं असेल तर पहिल्या दोन मिनिटांत बोलायचं, तेव्हा आपला आवाज आपल्या ताब्यात असतो. दहा मिनिटं घुसमटून बोललं की शब्द कितीही गोड निवडले तरी सूर कडूच लागतो, आणि समोरचं माणूस आपला सूर आधी ऐकतं.

आणि "ट्रेन तुमच्या एकटीची आहे का" हा प्रश्न नाहीच. त्याला कोणी "नाही हो, चुकलं माझं" असं उत्तर दिलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. त्यात पुन्हा तो सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा. भरल्या डब्यात चाळीस बायकांसमोर कोणाचा पाणउतारा झाला तर ती बाई फोनचा आवाज वाचवत नसते, आपली अब्रू वाचवत असते. मग टॅक्सीने जा हेच येणार.

मी कल्याण ते सीएसएमटी बावीस वर्षं केलंय, त्यातून जे जमलं ते सांगते. पहिली गोष्ट, जवळ जायचं. समोरच्या सीटवरून बोलायचं नाही, थोडं पुढे वाकून, हवं तर हाताला हलका स्पर्श करून (बाई असेल तर), तिला एकटीलाच ऐकू जाईल असं बोलायचं. दुसरी, एकच मागणं. "ताई, जरा आवाज कमी करता का? मी डोळे मिटून पडणार होते थोडा वेळ." बास. यात "लोकांना त्रास होतो" नको, "तुम्हाला कळायला पाहिजे" नको, "रोजचंच आहे" तर अजिबात नको. लोकांच्या वतीने बोललं की समोरची लगेच म्हणते कोणाला त्रास होतोय, सांगा बरं, आणि मग कोणीच बोलत नाही, तुला ते दिसलंच. "मला" म्हटलं की वाद घालायला जागा उरत नाही, तुझी झोप तुझी आहे, त्यात त्या काय खोडून काढणार. कारण खरंच द्यायचं, डोकं दुखत नसेल तर दुखतंय म्हणू नये, दुसऱ्या दिवशी परत काय दुखवणार आपण? हिंदीत बोलायची वेळ आली तर "दीदी, थोडा आवाज कम करेंगी? मुझे थोडा सोना है", तेवढंच. आणि आवाज बंद करा म्हणू नकोस, कमी करा म्हण. आपल्याकडे "जरा" आणि "थोडं" या दोन शब्दांनी फार कामं होतात, बहुतेक बायका कमी करायला सांगितलं की बंदच करतात, पण ते त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं.

तिसरी गोष्ट जी सगळे विसरतात. त्यांनी आवाज कमी केला की "थँक्यू हं" म्हणायचं आणि नजर काढून घ्यायची. परत परत बघायचं नाही, शेजारणीकडे बघून भुवया उडवायच्या नाहीत. माणसाला आपली चूक सुधारायला थोडी आडोशाची जागा लागते, ती द्यायची.

मला एक आजी आठवतात, सत्तरीच्या असतील, ठाकुर्लीला चढायच्या. फोन कानाला लावून कीर्तन ऐकायच्या, कानाला लावलेला असूनही दारापर्यंत ऐकू यायचं. मी एकदा असंच वाकून बोलले तर त्या म्हणाल्या, "बाळा, मला मेलीला ऐकूच येत नाही गं, काय करू?" मग पर्समधून चष्म्याच्या जुन्या घरात नीट गुंडाळून ठेवलेला पांढरा इअरफोन काढून दाखवला. इअरफोन चांगला होता, पण गोल पिनचा, आणि मुलाने घेऊन दिलेल्या नव्या फोनला ते गोल भोकच नव्हतं! गेल्या काही वर्षांत बऱ्याच नव्या फोनमधून ते काढून टाकलं, आता चार्जिंगच्या चपट्या भोकातच सगळं. त्यांना वाटत होतं आपल्यालाच लावता येत नाही, म्हणून कोणाला विचारलं पण नव्हतं. मी संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानातून बोटभर लांबीचा कन्व्हर्टर घेतला, एका बाजूला गोल भोक, दुसऱ्या बाजूला चपटी पिन. दुसऱ्या दिवशी डब्यात लावून दिला. एका कानात इअरफोन, दुसरा कान स्टेशन ऐकायला मोकळा, अशा त्या दादरपर्यंत बसायच्या आणि ओठ हलत असायचे. मी अकरा दिवस मनात चरफडत बसले असते तर मला ते भोकाचं कधी कळलंच नसतं.

सगळ्यांचं असं असतं असं मी म्हणत नाही. काही लोकांना खरंच फिकीर नसते आणि तशांना गोड बोलून काही होत नाही. पण आधी ते कळत नाही, विचारल्यावरच कळतं. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्यांचं तर बऱ्याच वेळा लक्षातच येत नाही, आजूबाजूला गोंगाट असला की माणूस आपोआप आवाज चढवतो, लोंबार्ड नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. गाडी रुळ बदलताना खडखडते तेव्हा चढलेला आवाज ती थांबल्यावरही तसाच राहतो. तुझा माझा पण राहतो. कुर्ल्याला गाडी उभी असताना सगळ्या डब्याला आपल्या घरातल्या कामवालीचा पगार कळतो तो असाच.

आता न ऐकणाऱ्यांचं. एकदा विचारलं, कमी केला नाही किंवा दोन मिनिटांनी परत वाढवला, तर आणखी एकदा विचारायचं, त्याच सुरात. तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा विचारलं की ते भांडणच असतं. मग जागा बदलता आली तर बदल, नाही तर कानात इअरप्लग घाल. हे हरणं नव्हे, तू विचारलंस, ते नाही म्हणाले, आता तू तुझं बघतेस. अकरा दिवस गप्प बसून जागा बदलणं आणि विचारून जागा बदलणं यात मनाला फार फरक पडतो, करून बघ.

इअरप्लगबद्दल दोन शब्द. मेडिकलच्या दुकानात फोमचे मिळतात, बोटात वळून बारीक करायचे, कानाचा वरचा भाग जरा मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे, नुसते टेकवले तर काही उपयोग होत नाही. पण ते गाडीत बसल्यावरच घालायचे. प्लॅटफॉर्मवर, पुलावर, रस्त्यावर कान उघडे पाहिजेत. आणि बाहेरचा आवाज दाबायला स्वतःच्या इअरफोनचा व्हॉल्यूम वाढवू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, पण ९० डेसिबलला तेच फक्त ४ तासांवर येतं. तुझा एका दिवसाचाच प्रवास साडेतीन तासांचा आहे.

नियमांचं विचारलं नाहीस पण सांगून ठेवते, कारण नियम माहीत असला की बोलताना पाठीला कणा येतो, वापरला नाही तरी. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४५ आहे, डब्यात उपद्रव करणाऱ्याला गाडीतून उतरवता येतं आणि शिक्षाही होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी रेल्वेने जानेवारी २०२२ मधे स्पष्ट सांगितलं की रात्री १० नंतर मोठ्याने फोनवर बोलायचं नाही, स्पीकरवर गाणी लावायची नाहीत, आणि ते बघणं गाडीतल्या स्टाफचं काम आहे. गावाला जाताना रात्री बारा वाजता वरच्या बर्थवर कोणी सिनेमा लावला तर आधी एकदा विचार, नाही ऐकलं तर टीसीला सांग, टीसी सापडला नाही तर १३९ ला फोन कर किंवा रेल मदद ॲपवर तक्रार टाक, पीएनआर, डबा आणि बर्थ नंबर हाताशी ठेव. मुंबईत बेस्टच्या बसमधे एप्रिल २०२३ पासून इअरफोनशिवाय व्हिडिओ, गाणी लावायला आणि फोनवर मोठ्याने बोलायला बंदी आहे, तिथे कंडक्टरला सांगायचं. सकाळच्या लोकलमधे मात्र १३९ चा फारसा उपयोग नाही हे मी तुला खरं सांगते, कोणी येईपर्यंत तुझं दादर आलेलं असतं, आणि एका रीलसाठी कोणी डब्यात शिरू पण शकत नाही गर्दीच्या वेळी. तिथे माणसांनीच माणसांशी बोलायचं आहे.

एक गोष्ट बजावून सांगते. रात्री उशिराची गाडी, रिकामा डबा, दारू प्यायलेलं कोणी किंवा टोळक्याने बसलेली पोरं असतील तर काही बोलायचं नाही. पुढच्या स्टेशनवर उतरून डबा बदलायचा, गरज पडली तर तिथूनच १३९. तिथे शौर्य दाखवायची काही गरज नाही, घरी दोन मुलं वाट बघतायत.

दवाखान्याचं आता. तिथे त्या गृहस्थांना तूच सांगायला पाहिजे होतंस असं नाही. जागा कोणाची आहे ते बघायचं. काउंटरवर जायचं आणि तिथल्या ताईंना म्हणायचं, "माझ्या वडिलांची बायपास झालीय, मोबाईलच्या आवाजाचा त्यांना त्रास होतोय, जरा सगळ्यांना सांगता का?" सगळ्यांना, हे महत्त्वाचं. रिसेप्शनिस्टने उभं राहून "मोबाईल सायलेंटवर ठेवा प्लीज" म्हटलं की ते कोणा एकाला लागत नाही, त्या गृहस्थांचाही मान राहतो. दवाखान्यात शांतता ठेवणं त्यांचं कामच आहे, हॉस्पिटलच्या आजूबाजूचा १०० मीटरपर्यंतचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, आता बाहेर एवढं तर आत किती शांत पाहिजे! पुढच्या वेळी जाशील तेव्हा डॉक्टरांनाच सांग की वेटिंगमधे तशी पाटी लावा. ट्रेनमधे, बँकेत, लग्नाच्या हॉलमधे सगळीकडे पहिला प्रश्न हाच, इथे हे बघायला कोणी नेमलेलं आहे का. असेल तर त्यांना सांगायचं, नसेल तरच स्वतः.

आणि बाबा "जाऊ दे गं" म्हणाले ते स्वतःला आवाज सहन होत होता म्हणून नाही, तुला परत कोणी बोलू नये म्हणून. ट्रेनमधलं भांडण त्यांना तू सांगितलं होतंस ना? बाप आहे तो. त्या रात्रीबद्दल स्वतःला छळू नकोस आता.

मी कशावर बोलत नाही ते पण सांगते. तान्हं मूल रडत असेल तर त्याच्या आईकडे वळून पण बघायचं नाही, तिला आपल्यापेक्षा जास्त त्रास होत असतो. क्लिप-पिना विकणारी ओरडते ते तिच्या पोटासाठी. वाढदिवस म्हणून ग्रुपमधे वडा-समोसा वाटून हसणाऱ्या बायका मला चालतात, त्या पंधरा मिनिटांसाठी तर त्या घरून निघतात. माणसाचा आवाज आणि यंत्राचा आवाज यात मी फरक करते, यंत्राला बटण असतं. भजनाचं बऱ्याच जणी विचारतात. मी स्वतः माळकरी घरातली आहे, झांजा वाजल्या की माझी मान डोलते, तरीही माझं मत आहे की डब्यात सुरू करायच्या आधी विचारायला पाहिजे, आणि एक जण जरी म्हणाला की आज नको, रात्रपाळी करून आलोय, तर त्या दिवशी नुसती टाळी. देवाचं नाव असलं म्हणून शेजारच्याची झोप आपली होत नाही. मांडव आणि डीजे हा वेगळा विषय आहे, तिथे गोड बोलून भागत नाही, तिथे नियम, मीटर आणि पोलीस लागतात. मुंबईत डॉ. यशवंत ओक, सुमैरा अब्दुलाली अशांनी त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घातलेत. त्यावर स्वतंत्र लिहीन.

डब्यातल्या ज्या मैत्रिणी गप्प बसल्या, त्यांच्यावर रुसू नकोस. भांडण पेटल्यावर त्यात कोणी उडी घेत नाही, ते घाबरूनच असतं. पण त्यांच्यातल्या एकीला आधी गाठून सांग की मी यापुढे हळू आवाजात विचारणार आहे, मी विचारल्यावर तू फक्त "हो ना, जरा कमी करा" एवढं म्हण. दोन बायकांनी शांतपणे विचारलेलं आणि एकीने विचारलेलं यात खूप अंतर पडतं.

राहिल्या त्या बाई. तू डबा सोडलास ते मला आवडलं नाही. तुझी तिथली जागा, ती शेजारीण, जिन्यासमोर थांबणारं ते दार, हे सगळं एका भांडणापायी कशाला सोडायचं? सोमवारी तुझ्याच डब्यात चढ. त्या बाई अंबरनाथहून आलेल्या असतीलच. तू आधी बोल. "त्या दिवशी मी फार जोरात बोलले, तसं नको होतं बोलायला." आवाज कमी करायला सांगितलं त्याची माफी मागू नकोस, त्यात काही चूक नव्हतं, फक्त ओरडण्याची माग. मग श्वास घे आणि लगेच, फोन सुरू व्हायच्या आत, ते दुसरं वाक्य म्हण, "मला कळव्यापर्यंत झोपायचं असतं, तेवढा वेळ इअरफोन लावाल का?" त्या कदाचित तोंड फिरवतील. कदाचित पर्समधे हात घालतील.

रविवारी रात्री भांडी आवरताना ही दोन वाक्यं चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून बघ, मनात नको, तोंडाने. मुलं हसली तर हसू देत. आणि काय झालं ते मला कळव, बाबांची तब्येत कशी आहे ते पण.

तुझी,
ताई